बिनसहीचा जामीनदार

हस्ताक्षरावरून माणसाचा स्वभाव कळतो असे म्हणतात. बँकेत वीस वर्षे लोकांच्या सह्या पडताळल्यावर माझे मत असे झाले आहे, की सहीवरून फार तर सही कळते. स्वभावच कळायला हवा असेल, तर मोटारवाल्याला एक प्रश्न विचारावा, ''ब्रेक-पॅड कधी बदललेत?''

उत्तरांवरून मोटारवाल्यांचे दोन पंथ पडतात. पहिला पंथ म्हणतो, ''लागतायत की अजून!'' काल ब्रेक लागला, आज लागला, म्हणून उद्याही लागेल, हे त्यांचे तर्कशास्त्र. बँकांची कितीतरी कर्जे याच तर्कशास्त्रावर थकली आहेत. दुसरा पंथ घाबरट. गॅरेजवाला म्हणेल तेव्हा बदलायचे, आणि गॅरेजवाला तर म्हणायलाच बसलेला!

तसा ब्रेक हा मोटारीतला बिचारा उपेक्षित जीव. नव्या गाडीचा पेढा तोंडात टाकता टाकता शेजारी विचारतात, ''ॲव्हरेज काय देते?'' ''थांबते किती फुटांत?'' असे विचारणारा शेजारी मला अद्याप भेटायचा आहे. इतर भाग गाडी चालावी म्हणून झिजतात. हा एकटा ती थांबावी म्हणून झिजतो. थांबवणाऱ्याची कदर आपल्याकडे कधी झाली आहे? घरोघरच्या बायकांना विचारा.

काम मात्र कष्टाचे. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी डिस्क दोन पॅडांनी चिमटीत धरायची आणि हजार किलोच्या धुडाचा सगळा वेग उष्णता करून हवेत सोडून द्यायचा. वेग दुप्पट झाला की हे काम दुप्पट नव्हे, चौपट होते. आणि भांडवल काय? नव्या पॅडवर घासला जाणारा थर असतो दहा-बारा मिलिमीटर. जेमतेम करंगळीच्या जाडीचा!

तो टिकतो किती? साधारण 30 ते 70 हजार किलोमीटर. आता हे काय उत्तर झाले? 'व्याजदर तीस ते सत्तर टक्के' असे मी काउंटरवर सांगितले तर लोक मला बाहेर काढतील. पण इलाज नाही. दरसाल इतके टक्के असा सरळ रेषेतला घसारा आम्ही कॉमर्सवाल्यांनी यंत्रांना लावला, तरी ब्रेक त्या रेषेत झिजत नाही. तो चालवणाऱ्याच्या पायाप्रमाणे झिजतो. आमच्या शाखेतले एकजण पुढचा सिग्नल लाल दिसला की लांबूनच पाय उचलतात. दुसरे त्याच सिग्नलकडे शर्यत जिंकल्यासारखे धावतात आणि करकचून थांबतात. सिग्नल दोघांनाही एकाच वेळी मिळतो. पॅड मात्र दुसऱ्यांचे निम्म्या अंतरात संपतात.

घाटात तर स्वभावाची परीक्षाच. कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जाताना सगळा भार ब्रेकवर टाकला, तर तो तापून ऐन वळणावर ढिला पडतो. म्हणून जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. काही काटकसरी मंडळी पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरतात. गंमत अशी, की आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत, गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाचे पेट्रोलच बंद होते. न्यूट्रलमध्ये मात्र ते पीतच राहते. म्हणजे पेट्रोलही गेले, ब्रेकही गेले.

''साहेब, पॅड गेले,'' असे मिस्त्री म्हणाला की मध्यमवर्गीय माणसाला खिसा गेल्याचाच भास होतो. यावर मी एक साधा उपाय केला आहे. खिशात सहा इंची पट्टी ठेवतो.

''मिस्त्री, दाखवा बघू.''

मिस्त्री हसतो, पण चाक काढून दाखवतो. ''चार आहे साहेब. तीनवर आलं की बदला. आणि दोन्ही चाकांचे एकदम. पुढं डिस्क खाल्ली तर मला बोलू नका!''

त्याचे म्हणणे खरे आहे. पुष्कळ पॅडांना एक पत्र्याची जीभ असते. थर संपत आला की ती डिस्कला घासून किंचाळते. पावसाळ्यात सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला येणारा आवाज नुसत्या गंजाचा असू शकतो. पण रोज, प्रत्येक ब्रेकला येणारी किंचाळी ही नोटीस समजावी. नंतर येते ती घरघर. तेव्हा लोखंडावर लोखंड घासत असते आणि पॅडच्या बिलात डिस्कही येते. पेडल खाली जाऊ लागले, गाडी एका अंगाला ओढू लागली, तर पट्टीचीही वाट पाहू नये. ब्रेक ऑइलही साधारण दोन वर्षांनी बदलावे. ते हवेतली ओल पिते, आणि घाटात तापले की उकळते.

''मग नीतीचा प्रश्न आला कुठे?'' असे कोणी विचारील. ''गाडी माझी, पैसा माझा, पॅड माझे!''

बरोबर. पण बँकेत कर्ज तुमचे असले, तरी आम्ही जामीनदार मागतो. त्याला समोर बसवतो, कागद वाचून दाखवतो, सही घेतो. न वाचता सही केली तर तो त्याचा दोष. निदान त्याला विचारलेले तरी असते. उरलेल्या दीड मिलिमीटरवर महिना काढणारा गृहस्थ मात्र रस्त्यावरच्या प्रत्येकाला जामीनदार करून टाकतो. शाळेतून घरी निघालेले पोर, भाजीची पिशवी सावरणाऱ्या आजी, सायकलवरचा दूधवाला. वाचलेले हजार-दोन हजार गृहस्थाच्या खात्यात, जोखीम आजींच्या नावे. आणि आजींची सही कुठे आहे?

स्वतःचा जीव धोक्यात घालण्याचा हक्क माणसाला असेल-नसेल. विद्वानांनी वाद घालावा. दुसऱ्याचा जीव न विचारता गहाण ठेवण्याचा हक्क कोणाला नाही, एवढे कळायला विद्वान लागत नाही. सहा इंची पट्टी पुरते.

राहता राहिली हळहळ. तीन मिलिमीटर चांगला माल फेकून द्यायचा? टूथपेस्टची नळी लाटण्याने लाटणाऱ्या आपल्या वर्गाला हे जिवावर येते. त्यांना मी रिझर्व्ह बँकेचे उदाहरण देतो. लोकांच्या ठेवींचा काही हिस्सा प्रत्येक बँकेला तिच्याकडे रोख ठेवावाच लागतो. तो पैसा बँकेच्या हिशेबात दिसतो, पण कर्जाऊ देता येत नाही. त्याला कोणी वाया गेला म्हणत नाही.

ते तीन मिलिमीटर तसेच. पैसे आपण भरले, पण खाते रस्ता ओलांडणाऱ्या कुणाचे तरी आहे. आपले असे खाते आहे, हे त्याला ठाऊकही नाही. विसरलेल्या ठेवींच्या मालकांना आम्ही बँकेत शोधत बसतो. इथे तेवढा त्रास नाही. तो पलीकडच्या फूटपाथवर सुखरूप चढला, की व्यवहार पूर्ण झाला.