कुठल्या विभागाचा हा माणूस?

खोलेश्वर हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा सेनापती. त्याचा मुलगा राम गुजरातच्या स्वारीत पडला. रामाची बहीण लक्ष्मी हिने भावाच्या स्मरणार्थ आंबे गावी, म्हणजे बीड जिल्ह्यातल्या आजच्या अंबाजोगाईत, देऊळ बांधलं आणि १२४० साली तसा लेख शिळेवर कोरवला. पावणेआठशे वर्षांपूर्वीच्या एका बहिणीचं दुःख आपल्यापर्यंत पोचलं, कारण कुणीतरी ती शिळा घासूनपुसून साफ केली, तिच्यावर ओला कागद थापून शाईचा ठसा घेतला आणि एकेका अक्षरापाशी धीराने बसून राहिलं. ग. ह. खरे, शं. गो. तुळपुळे ही या कामातली मोठी माणसं. तुळपुळ्यांचा ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ हा ग्रंथ पुणे विद्यापीठाने १९६३ साली काढला. आजही या विषयात शिरणाऱ्याला त्याच दारातून आत जावं लागतं.

शिलालेख वाचणारा माणूस भर दुपारी लेखासमोर उभा राहत नाही. त्याला सकाळचं तिरपं ऊन हवं असतं, नाहीतर रात्री एका बाजूने धरलेली बॅटरी. प्रकाश आडवा आला की खोदलेल्या रेषेत सावली भरते आणि सपाट वाटणाऱ्या दगडावर अक्षर उमटतं. टॉम माल्झबेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एचपी कंपनीच्या प्रयोगशाळेतून २००१ साली जे तंत्र मांडलं, त्याच्या मुळाशी हीच गोष्ट आहे. कॅमेरा जागचा हलवायचा नाही, दिवा मात्र वेगवेगळ्या कोनांतून धरत जायचा आणि दरवेळी फोटो घ्यायचा. प्रकाशाची दिशा बदलली की चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याची उजळी कशी बदलते, याचं समीकरण संगणक बसवतो. मग पडद्यावर हवा तिकडून प्रकाश टाकता येतो, प्रत्यक्षात कधी न धरलेल्या कोनातूनसुद्धा. अथेन्सच्या संग्रहालयातल्या अँटिकिथेरा यंत्राच्या गंजक्या तुकड्यांवर २००५ साली हे तंत्र वापरलं गेलं, तेव्हा झिजलेली ग्रीक अक्षरं वाचता येऊ लागली. यात दगडाला हात लागत नाही, शाई लागत नाही. मराठवाड्यातल्या कित्येक वीरगळांवर शेंदराची आणि ऑइलपेंटची पुटं चढली आहेत. त्यांच्याखालचं हे तंत्र दाखवू शकत नाही, पण जे उघडं आहे आणि दर पावसाळ्यात झिजतं आहे, ते तरी टिपून ठेवता येईल.

तंत्र आहे, कॅमेरे स्वस्त झाले आहेत, संगणक तर प्रत्येक महाविद्यालयात आहे. नाही तो हे काम आयुष्यभर करणारा माणूस. तो का नाही, हा प्रश्न मला तंत्रापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठात ब्रेंट सील्स हे संगणकशास्त्राचे प्राध्यापक आहेत. १९९०च्या दशकात जुन्या इंग्रजी हस्तलिखिताच्या डिजिटल प्रतीच्या कामातून ते या वाटेला लागले. पुढे त्यांनी एकच प्रश्न धरला: जी गुंडाळी उलगडायला गेलं की तिचा भुगा होतो, ती न उलगडता वाचायची कशी? इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात इसवी सन ७९मध्ये कोळसा झालेल्या हर्क्युलेनियमच्या दोन गुंडाळ्यांचं क्ष-किरण चित्रण त्यांनी २००९ साली पॅरिसमध्ये केलं. आतले थर दिसले, अक्षरं दिसेनात, कारण कोळशाची शाई कोळसा झालेल्या पपायरसवर क्ष-किरणांना वेगळी दिसत नाही. मधल्या काळात इस्राएलमधल्या एन-गेदी इथली जळकी गुंडाळी त्यांनी वाचून दाखवली. तो निबंध २०१६चा. हर्क्युलेनियमच्या गुंडाळीतला पहिला अख्खा शब्द हाती आला २०२३ साली, तेही सगळी चित्रं जगापुढे खुली करून बक्षीस लावल्यावर, आणि एकवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याकडून. हर्क्युलेनियमच्या प्रश्नाला चौदा वर्षं ज्या प्राध्यापकाकडे उत्तर नव्हतं, त्याला विद्यापीठाने सांभाळलं. या हकिगतीतला हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

मुंबईशी जोडलेलं उदाहरण सिंधू लिपीचं आहे. इरावतम महादेवन यांनी १९७७ साली ४१७ चिन्हांची सूची आणि लेखांची शब्दसूची संगणकाच्या मदतीने सिद्ध केली. तिच्या आधारावर टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया, निशा यादव, त्यांच्यासोबत हृषीकेश जोगळेकर, रणजय अधिकारी आणि वॉशिंग्टन विद्यापीठातले संगणकशास्त्रज्ञ राजेश राव यांनी २००९ साली ‘सायन्स’मध्ये निबंध लिहिला: चिन्हांच्या क्रमातली शिस्त भाषेच्या शिस्तीच्या जवळ जाते. रिचर्ड स्प्रोट यांच्यासारख्या संगणकीय भाषाशास्त्रज्ञांनी त्यावर कडक आक्षेप घेतले. वाद संपलेला नाही. पण दोन्ही पक्ष उभे आहेत ते महादेवनांच्या सूचीसारख्या शांत, कष्टाच्या कामावर. निबंध जुना होतो, नीट केलेली नोंद जुनी होत नाही.

आणि आपल्याकडे नेमकी तीच नोंद मोजली जात नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत बढतीसाठी निबंधाला गुण आहेत, पुस्तकाला आहेत, पेटंटला आहेत. शे-दोनशे शिलालेखांची प्रकाशकोनांसह चित्रं घेऊन, ठिकाण, माप, वाचन, पाठभेद लावून जो संग्रह तयार होईल, त्याला तिथे स्वतंत्र रकाना नाही. संगणकाच्या विभागाला त्यात नवं गणित दिसणार नाही, इतिहासाच्या विभागाला ते छायाचित्रण वाटेल. तरुण प्राध्यापक शहाणपणाने दुसरा विषय घेतो. त्याला दोष कसा द्यावा?

बीड जिल्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतो. तिथल्या संगणकशास्त्राच्या संशोधकांनी हस्तलिखित मोडी अक्षरं ओळखण्यावर २०१४-१५च्या सुमारास निबंध प्रसिद्ध केले. त्याच आवारात इतिहासाचं वस्तुसंग्रहालयही आहे. सुटं अक्षर ओळखणं ही पहिली पायरी झाली. खरी मोडी हात न उचलता, शब्द न तोडता धावते, आणि दर कारकुनाचं वळण निराळं. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती कुणबी नोंदींसाठी निजामकाळातली कागदपत्रं तपासू लागली, तेव्हा मराठवाड्यातल्या सामान्य माणसाला कळलं की मोडी आणि उर्दू जाणणारा माणूस किती दुर्मीळ झाला आहे. एरवी ज्या विद्येला कुणी विचारत नव्हतं, तिच्यावर घराघराचे दाखले अवलंबून राहिले. त्या निबंधांच्या पुढची पायरी तेव्हा तयार असती तर वाचणाऱ्यांचं ओझं हलकं झालं असतं. ते वाचणारे अनावश्यक ठरले असते, असं मात्र मी म्हणणार नाही. शिळेवरच्या झिजलेल्या जागी ‘च’ आहे की ‘व’, हे ठरवायला यादवकाळातली माणसं, गावं आणि दानाच्या रीती ठाऊक असाव्या लागतात. यंत्र शक्यता मांडेल, निवड अभ्यासकाची.

अंबाजोगाईत अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथून जवळच १२२८ सालचं सकळेश्वराचं, लोकांच्या तोंडी बाराखांबीचं, मंदिर आहे, आणि अलीकडच्या उत्खननात त्याच्या परिसरात आणखी मंदिरांची जोती उघडी पडली आहेत. दासोपंतांची सुमारे चाळीस फूट लांबीची पासोडी याच गावात आहे, कापडावर लिहिलेली. वेगवेगळ्या तरंगलांबीच्या प्रकाशात टिपलं तर फिकट शाई कशी स्पष्ट होते, हे अशा कापडावर शिकावं. एखाद्या विद्यार्थिनीने यावर पीएच.डी. करायचं ठरवलं तर तिला दोन मार्गदर्शक लागतील, एक संगणकाचा, एक पुराभिलेखांचा. परीक्षकही तसेच दोन. आणि प्रबंधासोबत तिने जमवलेला संग्रह जोडून, तोही प्रबंधाचाच भाग मानून तपासला जावा लागेल. विद्या परिषदेच्या एका ठरावाने होण्यासारखं हे काम आहे.