पाहणाऱ्याचे ऋण

आम्ही राहतो तो मुलूख समुद्रापासून फार दूरचा. वैनगंगेकाठचे बालाघाट १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मध्य प्रदेशातच राहिले. तेथील मराठी घरांत समुद्र येतो तो बहुधा पुस्तकांतून. तो एकदा डोळ्यांनी पाहावा म्हणून आम्ही मालवणास गेलो आणि एका सकाळी होडीत बसलो.

शिवाजीमहाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. त्या दुर्गाभोवतीच्या परिसरातील सुमारे २९ चौरस किलोमीटरांचे क्षेत्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. तोंडात श्वासनळी धरून, डोळ्यांना काच लावून आम्ही पाण्यावर पालथे तरंगलो आणि खालचे प्रवाळ पाहून हरखून गेलो. दगडासारखे दिसणारे ते प्रवाळ म्हणजे असंख्य सूक्ष्म जीवांची वसाहत होय. त्यांच्या कित्येक जाती वर्षाकाठी सेंटिमीटरभरही वाढत नाहीत. हे सारे आम्हांस आधी सांगितलेले होते. तरीही दम लागताच आम्ही पाय टेकला, तो नेमका प्रवाळावर!

कान्ह्याच्या मुक्की दरवाजाशी गोंगाट करणाऱ्या प्रवाशांवर रागावणारे ते आम्हीच. ‘आम्ही काही नेत नाही, केवळ पाहतो’, हे प्रवाशाचे आवडते समर्थन. परंतु पाहणे इतके निरुपद्रवी असते काय? पाहावयास होडी लागते, होडीला नांगर लागतो, आणि दमलेल्या पायाला आधार लागतो.

परतताना वृद्ध नावाड्याने दुसरीच गोष्ट बोलून दाखविली. “तुमका बघूक गावता. पण उद्या आमच्या जाळ्याक बंदी इली तर आमी काय खावचा?” आम्हांपाशी उत्तर नव्हते. अभयारण्याला येथील मच्छीमारांचा विरोध आरंभापासूनच होता, तो याच भयापोटी.

हा प्रश्न आम्हांस नवा नसावयास हवा होता. १९७० च्या सुमारास कान्ह्यातील बाराशिंगे अवघे ६६ उरले होते. पुढे त्यांची संख्या वाढली, ही आनंदाचीच गोष्ट. पण ज्या कुरणांवर ते आज चरतात त्यांतील काही एके काळी गावे होती. बैगा आणि गोंड कुटुंबांनी घर सोडले, तेव्हा आमच्या डोळ्यांना ते दर्शन घडले. तिकिटाच्या किमतीत तो हिशेब कोठे असतो?

यावरून रक्षणच नको, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकेल. प्रवाळ मेले तर त्यांच्या आश्रयाने वाढणारी मासळीही ओसरेल, आणि मग जाळ्याला बंदी नसूनही जाळे रिकामेच येईल. आमचे म्हणणे एवढेच की, संयमाचा पहिला भार ज्याची चूल त्या पाण्यावर पेटते त्याच्यावर टाकणे अन्याय्य आहे. तो भार आधी उचलावा, केवळ करमणुकीसाठी आलेल्याने. नियम ठरविताना नावाड्याचा शब्द ऐकला जावा. आणि जेथे आमच्या येण्यानेच हानी होते तेथे न जाण्याची आमची तयारी असावी.

पाहणे हा आम्ही आजवर हक्क मानीत आलो. त्या दिवसापासून ते आम्हांस ऋण वाटू लागले आहे. पाय टेकला तेथे खाली काय मोडले, हे आम्ही वाकून पाहिलेही नव्हते.