अंतरीचे कुटुंब

देवापुढे हात जोडून ‘आजपासून रागावणार नाही’ असा संकल्प करावा आणि घराचा उंबरठा ओलांडताच तो मोडावा, हा अनुभव आपणांपैकी कोणास नाही? एक मन रागावते, दुसरे त्या रागावर रागावते आणि तिसरे कोपऱ्यात मुसमुसत बसते.

अमेरिकेतील रिचर्ड श्वार्ट्‌झ हे मूळचे कुटुंबचिकित्सक. भांडणाऱ्या घरांतील माणसांचे ऐकून घेणे हा त्यांचा व्यवसाय. १९८० च्या दशकात, भरमसाठ खाऊन ते ओकून टाकण्याच्या विकाराने पीडित रुग्णांवर उपचार करीत असता, मनातील निरनिराळे अंशही घरच्या माणसांप्रमाणेच एकमेकांशी वागतात, असे त्यांच्या ध्यानी आले. १९९५ साली त्यांनी ही पद्धती ग्रंथरूपाने मांडली.

त्यांच्या मते काही अंश दुखावलेल्या बालकासारखे. जुने भय, जुनी लाज उराशी धरून ते अंधाऱ्या खोलीत कोंडलेले असतात. काही अंश कारभारी, घराची अब्रू जाऊ नये म्हणून सदैव टोचून बोलणारे. आणि काही आगीच्या बंबासारखे. आतील दुःख भडकले की ते धावत येतात आणि क्रोध, व्यसन, अतिभोजन, जे हाती लागेल त्याने ते विझवू पाहतात. घरातील चीजवस्तूंची नासाडी झाली तरी त्यांस पर्वा नसते. परंतु यांतील एकही अंश जात्या दुष्ट नाही, हा या पद्धतीचा गाभा. या सर्वांहून निराळा, शांत व करुणावान असा ‘स्व’ प्रत्येकात असतो. त्याने क्रोधास हाकलावयाचे नाही, तर विचारावयाचे, “बाबा रे, तू धावून आला नाहीस तर काय होईल, असे भय तुला वाटते?”

हा ‘स्व’ म्हणजे आपला आत्माच, असे मात्र उतावीळपणे म्हणू नये. आत्मा हा मोक्षशास्त्राचा विषय. ही उपचाराची रीत, आणि तिच्यावरील संशोधनही अद्याप मर्यादित आहे. ज्यांच्या मनावर खोल आघात झाले आहेत, त्यांनी जाणत्या चिकित्सकाचाच आधार घ्यावा. तथापि मनाशी बोलणे आपणांस परके नाही. समर्थांनी २०५ श्लोकांतून मनाची कानउघाडणी केली, पण त्यास हाक मारली ती सज्जन म्हणून!

मुलाच्या प्रगतिपुस्तकावरून भडकलेल्या गृहस्थाने आपल्या रागास वरील प्रश्न केला, तर कदाचित उत्तर येईल, “लहानपणी भर वर्गात तुझी मानहानी झाली, ती याच्या वाट्यास येऊ नये.” रागाच्या आड एवढी माया दडलेली असू शकते. तरीही मुलास मारलेली थप्पड ती थप्पडच. म्हणून आधी मुलाजवळ बसून त्याची क्षमा मागावी. रागाशी बोलणे रात्री निजानीज झाल्यावर करावे.