तेव्हा तू काय केलंस?



पलूस भागात दुखणं हाताबाहेर गेलं, की घरात एकच नाव निघतं. मिरज. किर्लोस्करवाडीला गाडी धरायची. काखेत एक्स-रेची पिशवी, हातात डबा.

मिरजेची ही ओळख घडवणाऱ्यांत डॉ. विल्यम वानलेस यांचं नाव आधी घ्यावं लागतं. कॅनडातून आलेला हा मिशनरी डॉक्टर. 1894 साली त्यांनी तिथं रुग्णालय उभं केलं. कुष्ठरोग्याची सावलीही नको, असा तो काळ. त्यांनी त्या माणसांना हात लावला.

हे बळ कुठून आलं असेल? बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात शेवटच्या न्यायाचं चित्र आहे. किती प्रार्थना केल्यास, असं तिथं कुणी विचारत नाही. उपाशी माणूस दारात आला, आजारी माणूस एकटा पडून होता, तेव्हा तू काय केलंस? एवढंच. आणि मला हलवून जातं ते पुढचं. ज्यांनी सेवा केली, त्यांच्या ते लक्षातही नसतं! ते चकित होतात.

तो न्याय दूरचा वाटतो ना? पण आपलं मन रोज रात्री हाच प्रश्न विचारतं. बागेत राबलेल्या बाईची मजुरी राहिली होती. तेव्हा तू काय केलंस? मन सगळं पाहत असतं, त्याला सबब चालत नाही.

म्हणून, श्रोतेहो, ती मजुरी आजच द्या. शेजारी कुणी दवाखान्यातून घरी आलं असेल, तर कामावर जाण्याआधी दोन मिनिटं जाऊन या.