सांभाळणे म्हणजे काय?

जुन्या वस्तू जमवणे हा परिग्रह की जतन? हा प्रश्न मी दुसऱ्या कुणाला विचारत नाही, कारण तो माझ्याच कपाटात आहे. प्रवासात न्यायच्या जुन्या सुईदोऱ्याच्या पिशव्या मी जमवतो. पानाच्या चंचीसारख्या कापडी गुंडाळ्या, पत्र्याच्या डब्या, आत सुया, गुंड्या आणि अंगुस्तान. ब्रिटिश फौजेतील सैनिकाजवळ अशी गुंडाळी असे. तिला तो ‘हाउसवाइफ’ म्हणे, म्हणजे घरधनीण. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात कित्येकांच्या आया-बहिणींनी त्या घरीच शिवून दिल्या होत्या. तुटलेली गुंडी लावताना लेकराला घर आठवत असेल.

गेल्या वारीत पुण्याच्या मुक्कामी जुन्या बाजारात अशीच एक खाकी गुंडाळी मिळाली. आतल्या दोऱ्याला कुणाचा हात लागलेला नव्हता. जमवणाऱ्याला याचे मोल फार. पुढे दिवे घाट चढताना शेजारच्या माउलींच्या पडशीचा पट्टा तुटला. “कुणाकडं सुईदोरा हाय का, माउली?” त्यांनी विचारले. माझा हात पिशवीपर्यंत गेला आणि थांबला. दोरा तोडला, तर वस्तू अस्सल राहणार नाही, हा हिशेब आडवा आला. तेवढ्यात एका आजींनी कमरेच्या बटव्यातून ओवलेली सुई काढली, चार टाके घातले आणि टाळाच्या ठेक्यावर चालू लागल्या. मला कुणी काही बोलले नाही. माझ्याजवळ काय आहे, हे कुणाला ठाऊकच नव्हते. पांडुरंगाला मात्र ठाऊक होते.

मग जमवणेच सोडावे का? तसे वाटत नाही. कुणीच जपले नसते, तर त्या आयांचे टाके आज कुणाला दिसले असते? जतन आपल्या संप्रदायालाही परके नाही. पण आपण ते कसे करतो, पाहा. माउलींच्या पादुका दरवर्षी आळंदीहून पंढरीपर्यंत निघतात. तुकोबारायांची गाथा वह्यांत राहिली, तशी गळ्यागळ्यांतही राहिली. नामदेवराय शिंप्याच्या घरचे. गुरू ग्रंथ साहिबातील त्यांच्या पदांत गज आणि कातरही नामाच्या कामी आली. आपल्याकडे जे टिकले, ते वापरात राहून टिकले.

म्हणून परिग्रह वस्तूंच्या संख्येवर मोजता येत नाही. मागणारा समोर उभा असताना हात थांबतो, तिथे परिग्रह सुरू होतो. कपाटात शंभर डब्या असून हात मोकळा असू शकतो, आणि एकाच सुईपायी मूठ मिटू शकते.

ती खाकी गुंडाळी यंदा माझ्या पडशीत, वरच्या कप्प्यात असेल. दोरा संपला तर नवा भरीन. मोल कमी होईल, होऊ दे. उसवलेले काही सांधले गेले, तर शिवणाऱ्या त्या माउलीचे काम पुढे चालले असे होईल.

रामकृष्ण हरी!