घरचा वाफा आणि बाजारचा वाफा

कार्तिकी एकादशी आटोपून वारकरी घरी परततो तेव्हा आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापसाच्या वेचणीची घाई चाललेली असते. तूर फुलावर असते, पहाटे गारठा पडू लागतो. याच दिवसांत घरोघरी परसात भाजीचे वाफे पडतात. मेथी, पालक, सांबार, मुळा, लसूण, दोन सरी वांगी. विषय तसा चुलीपुरता. यात नीतीचा प्रश्न तो कसला, असे कोणी म्हणेल. आम्हीही तसेच म्हणत होतो. पण गेल्या हिवाळ्यात एक प्रसंग घडला आणि तेव्हापासून हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही.

दारव्ह्याकडच्या एका खेड्यात आम्ही भजनाला गेलो होतो. रात्री ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी, असे साधे पण तृप्तीचे जेवण झाले. सकाळी यजमान आम्हाला विहिरीवर घेऊन गेले. तेथे भाजीचे दोन तुकडे होते, एक लहान, एक मोठा. लहान तुकड्यातली वांगी वाकडीतिकडी, एखाद्याला भोकही पडलेले. मोठ्या तुकड्यातली एकसारखी, चकचकीत. आम्ही सहज कारण विचारले. यजमान मोकळेपणाने म्हणाले, "हे घरचं हाये, माउली. याले फवारा नाई मारला. थे तिकडचं बजाराचं."

गृहस्थ भला आहे. पहाटे हरिपाठ चुकवीत नाही, दारी आलेल्याला उपाशी जाऊ देत नाही. त्याच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती. जे सारे गाव करते तेच तो सांगत होता. आणि त्याला दोष देण्याचा अधिकार आम्हाला नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या घरच्या वांग्यांवर शनिवारी फवारा मारला आणि सोमवारी त्याच वांग्यांची टोपली आठवडी बाजाराला गेली. घरी मात्र आम्ही सांगितले होते, "आठ दिवस त्यातले काही शिजवू नका." ते शब्द आमचेच. त्या टोपलीतली भाजी कोणाच्या लेकराने खाल्ली, हे आम्हाला कधीच कळणार नाही.

तेव्हा प्रश्न असा की, जे आपण आपल्या लेकराच्या पानात वाढणार नाही, ते दुसऱ्याच्या लेकरासाठी विकावे काय?

फवाऱ्याचे औषध म्हणजे काय चीज आहे, हे या जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. 2017 साली येथेच कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो लोकांना दवाखान्यात न्यावे लागले. डब्यावर त्रिकोण छापलेला असतो. लाल म्हणजे अतिजहाल, त्याखाली पिवळा, मग निळा आणि हिरवा. फवारल्यानंतर किती दिवस माल तोडू नये, हेही माहितीपत्रकात दिलेले असते. पण अक्षर बारीक आणि बाजाराचा दिवस जवळ. मग वाचतो कोण?

यावर एक उत्तर ठरलेले आहे. "महाराज, गिऱ्हाईक किडकं वांगं हातात धरत नाही. कर्ज डोक्यावर आहे. आम्ही काय करावं?" हे उत्तर खोटे नाही. ज्याच्या कापसाचा पैसा आधीच्या उसनवारीत गेला, त्याला दोन टोपल्या भाजीचा केवढा आधार असतो, हे आम्ही जाणतो. म्हणून आम्ही त्याला पापी म्हणणार नाही. पण अडचण खरी असली म्हणून कृत्य योग्य ठरत नाही. अडचणीतून वाट काढावी लागते, आणि ती वाट कोठे आहे ते घरच्या लहान वाफ्यानेच दाखविले आहे. तेथे फवारा नसतानाही वांगी आलीच ना?

अरणचे सावता महाराज माळी होते. त्यांनी 1295 साली देह ठेवला. मळ्यातले काम आणि भगवंताची सेवा त्यांनी वेगळी मानली नाही, म्हणून आज सात शतके लोटली तरी त्यांचे नाव आपल्या ओठी आहे. आता मनाशी विचारून पाहावे. विठ्ठल घरच्या वाफ्यात आहे आणि बाजारच्या वाफ्यात नाही, असे आपल्याला म्हणता येईल काय? मधला धुरा आपण घातला आहे, त्याने घातलेला नाही.

कोणी म्हणेल, हे बोलणे सोपे, करणे कठीण. म्हणून करण्याचेच थोडे सांगतो. पुष्कळशी कीड आपल्या बेहिशेबीपणातून वाढते. भाजीचा बेत थंडीच्या आधी व्हावा. वांगी, टमाटर, फुलकोबी यांची रोपे नवरात्राच्या सुमारास तयार असावीत, कारण पौषात पारा दहा अंशांच्या आसपास आणि कधी त्याखालीही उतरतो, मग बी उगवायला कुचराई करते आणि रोप खुंटते. भेंडी, काकडी, दोडका यांचा नाद हिवाळ्यात करू नये. मेथी, पालक, मुळा, गाजर, वाटाणा यांना मात्र थंडी मानवते. मेथी सगळी एका दिवशी पेरू नये, दहा-बारा दिवसांच्या अंतराने एकेक वाफा टाकावा. महिन्याभरात ती खुडायला येते, आणि सारी एकदम आली की निम्मी वाया जाते. धने रगडून, दोन फाकी करून पेरावेत. वाफा तीन-चार फुटांहून रुंद नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो आणि निंदण होते. कडेने झेंडू लावावा. वांग्याचा शेंडा मलूल दिसला की आत अळी आहे असे समजून तो तिथल्या तिथे खुडून नष्ट करावा. आभाळ भरून आले की मावा पडतो, त्यावर निंबोळीचा अर्क चालतो. लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम निंबोळी कुटून रात्रभर भिजवावी आणि सकाळी गाळून फवारावी. रोज सकाळी वाफ्यातून एक फेरी, हेच मोठे औषध. घरच्या वाफ्याला आपण ती फेरी देतो, बाजारच्या वाफ्याला फवारा देतो. खरा फरक येथे आहे.

एवढे करूनही कधी औषध मारण्याची पाळी येईल. आली तर डब्याचे दिवस पाळावेत, बाजार चुकला तरी चालेल. आणि एक नेम धरावा. टोपली बाजाराला निघण्यापूर्वी तिच्यातलीच मूठभर भाजी आपल्या चुलीवर शिजावी. हात कचरला तर टोपली खाली ठेवावी. या नेमाला पोथी लागत नाही, तपासनीस लागत नाही.

पण सगळा भार पिकवणाऱ्यावर टाकून विकत घेणाऱ्याने मोकळे होऊ नये. यवतमाळच्या बाजारात उभे राहून चकचकीत वांगेच उचलणारा हातही या व्यवहारात भागीदार आहे. भोक पडलेले वांगे चिरून, किडका भाग काढून शिजवणे आपल्या आजीला येत होते. तेवढे आपल्याला आले, तर शेतकऱ्याचा फवारा निम्मा कमी होईल असे आम्हाला वाटते.

त्या यजमानांना आम्ही हे त्या दिवशी बोललो नाही, धीर झाला नाही. यंदा पुन्हा भजनाला जाऊ तेव्हा आधी शनिवार-सोमवारची आमची गोष्ट सांगू, मग त्यांच्या विहिरीवर जाऊ. दोन वाफ्यांमधला धुरा मोडलेला दिसावा, अशी आमची पांडुरंगाचरणी प्रार्थना आहे. आमच्या परसातला आम्ही मोडला आहे.

रामकृष्णहरी.