गिरणेचं पाणी खाली कुठे जातं?

भडगावच्या पुलावरून गिरणेकडे पाहताना इथला माणूस दोनच गोष्टी विचारतो : धरणात साठा किती आणि आवर्तन कधी? नांदगाव तालुक्यातल्या गिरणा धरणाची टक्केवारी आमच्याकडे शाळकरी पोरालाही तोंडपाठ असते. पाणी सुटलं, चारीवर कुणी दार अडवलं, शेवटच्या शेतापर्यंत किती पोचलं, याचा जाब शेतकरी पाटबंधारेच्या साहेबाला समोर उभा राहून विचारतो. वरून येणाऱ्या पाण्याचा इतका हिशेब ठेवणारे आम्ही, ते खाली कुठे जातं याचा विचार मात्र क्वचितच करतो.

पुराचं पाणी जळगाव जिल्ह्यातच तापीला मिळतं. सारंगखेडा, प्रकाशा मागे टाकून ते उकाईच्या जलाशयात शिरतं. हा जलाशय भरताना जुन्या धुळे जिल्ह्यातली आदिवासी गावं पाण्याखाली गेली. उकाईच्या खाली काक्रापार आहे आणि तिथे तापीच्या पाण्यावर चार अणुभट्ट्या चालतात. दोन २२० मेगावॉटच्या, दोन ७०० मेगावॉटच्या. भडगावपासून सरळ रेषेत अंतर सुमारे २०० किलोमीटर. देशी बनावटीची पहिली ७०० मेगावॉटची भट्टी २२ जुलै २०२० रोजी तिथेच पेटली.

हे मी गावात सांगतो तेव्हा उत्तर ठरलेलं असतं : “आमले काय करनं शे? ते गुजरातमा शे.” उत्तरात तथ्य आहे. आपण वरच्या अंगाला. खालचं पाणी वर चढत नाही. पण अणूचा आणि खानदेशाचा संबंध फक्त नदीपुरता नाही.

भडगाव, पाचोरा, चाळीसगावातून कर्करोगाचा रुग्ण घेऊन माणसं रेल्वेने मुंबई गाठतात आणि परळच्या ‘टाटा’त जातात. पासोडी, डबा, फायलींची पिशवी आणि उराशी धरलेली आशा. हे रुग्णालय १९६२ पासून केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे, हे त्या रांगेतल्या किती जणांना माहीत असेल? उन्हाळी भुईमुगासाठी शेतकरी जे ‘टॅग-२४’ बियाणं मागतो, ते भाभा अणुसंशोधन केंद्राने किरणांच्या साहाय्याने घडवलेल्या वाणांपैकी आहे. उडदाचं ‘टीएयू-१’ही तसंच. लासलगावला २००२ पासून कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून कोबाल्टची किरणं देणारं केंद्र आहे. म्हणजे अणू आमच्या शेतात आहे, आजारपणात आहे, बाजारात आहे. त्याला आम्ही अणू म्हणून ओळखत नाही, एवढंच.

मग अणू म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? पोखरण. मे १९९८ मध्ये पेढे वाटले गेले, फटाके फुटले. सातपुड्यापलीकडच्या बडवानीत जन्मलेले अनिल काकोडकर १९७४ आणि १९९८ या दोन्ही चाचण्यांच्या कामात होते, याचा अभिमान आपल्याकडे आजही बोलून दाखवला जातो. शास्त्रज्ञांच्या बुद्धीचा अभिमान मलाही आहे. बॉम्बचा नाही. हिरोशिमात १९४५ साल संपेपर्यंत सुमारे १,४०,००० माणसं मेली. त्यांतली बहुतेक साधी माणसं होती : कामाला निघालेली, चुलीशी बसलेली, शाळेतली. त्या आगीतून वाचलेल्यांच्या ‘निहोन हिदांक्यो’ या संघटनेला २०२४ चं शांततेचं नोबेल मिळालं. ते ऐंशी वर्षं एकच सांगत आले : हे पुन्हा कुणावरही टाकू नका. कुठलाही देश सुरक्षित राहावा म्हणून दुसऱ्या देशाचं एक अख्खं शहर जाळण्याची तयारी ठेवावी लागते, हे मला कधीही पटलेलं नाही.

बॉम्बचा विषय वीजनिर्मितीपासून वेगळा काढता येत नाही, ही खरी अडचण आहे. १९७४ च्या स्फोटातलं प्लुटोनियम कॅनडाच्या मदतीने उभ्या राहिलेल्या, शांततेच्या कामासाठी म्हणून दिलेल्या ‘सायरस’ भट्टीतून आलं. पुढे अमेरिकेशी अणुकरार करताना २००६ मध्ये सरकारला भट्ट्यांची वाटणी करावी लागली : २२ पैकी १४ आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली, आठ बाहेर. मुळात १९५४ पासून सगळा कारभार एकाच छताखाली राहिला, थेट पंतप्रधानांच्या हाताखाली. टाटातला किरणोपचार, भुईमुगाचं बी, तारापूरची वीज आणि बॉम्ब, सगळं एकाच खात्याचं. बॉम्बला गुपित लागतं. पण एकाच घरात ठेवलेलं गुपित एका खोलीत राहत नाही, ते सगळ्या घरात पसरतं. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्यातल्या १८ व्या कलमाने माहिती रोखण्याचा अधिकार सरकारच्या हाती दिला आणि विजेच्या केंद्रांवरही त्याची सावली पडली. सुरक्षेवर देखरेख करणारं अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झालं, पण ज्या व्यवस्थेवर लक्ष ठेवायचं तिच्याच पंखाखाली ते राहिलं. त्याला पुरेशी स्वायत्तता नाही, हे महालेखापरीक्षकांनी २०१२ च्या अहवालात स्पष्ट लिहिलं.

१९८८ च्या कराराने भारत आणि पाकिस्तान यांनी एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचं ठरवलं. १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश अशा केंद्रांची यादी एकमेकांना देतात. युद्धाच्या तोंडावर, संबंध तुटलेले असतानाही ही यादी जाते, आणि ती जायलाच हवी. मात्र ती दोन्हीकडच्या जनतेसमोर कधी येत नाही. ज्याला शत्रू म्हणायचं त्याला जे सांगतो, ते आपल्या माणसाला सांगत नाही.

लोक घाबरले की त्यांना अडाणी म्हणण्याची सवय याच वातावरणात लागली. जैतापूरला माडबन, मिठगवाणे परिसरात ९,९०० मेगावॉटचा प्रकल्प जाहीर झाला. फुकुशिमाच्या अपघातानंतर सव्वा महिन्यातच, १८ एप्रिल २०११ रोजी, आंदोलकांवर पोलिसांचा गोळीबार झाला आणि साखरी नाट्याचा एक तरुण त्यात गेला. त्या काळात आणि नंतरही, भीती घालवायची म्हणून केळ्याचं उदाहरण हमखास दिलं जातं. केळ्यात पोटॅशियम असतं, त्याचा एक अंश किरणोत्सर्गी असतो, म्हणून केळं खाणारा माणूसही किरणं घेतोच. आम्ही केळीच्या मुलखातले. गोष्ट खरी आहे, आणि जास्तीचं पोटॅशियम शरीर बाहेर टाकतं हेही खरं आहे. पण साखरी नाट्याच्या मच्छीमाराने केळ्याबद्दल विचारलंच नव्हतं. प्रकल्पातून सुटणाऱ्या गरम पाण्याने समुद्र किती तापेल आणि मासळी कुठे जाईल, हे त्याने विचारलं होतं. तो प्रश्न आणि चारीवर दार अडवल्याचा आमचा प्रश्न एकाच जातीचे आहेत.

अणुवीज नकोच, असं मी म्हणत नाही. दीपनगरच्या कोळशाची राख कुणाच्या शेतावर बसते, हे भुसावळकडच्या माणसाला विचारावं. धुळ्याच्या साक्री तालुक्यातला सौरप्रकल्प पाहिला की समाधान वाटतं, पण रात्रीचा पंप सूर्यावर चालत नाही. निवड अवघड आहे, म्हणून तर ती माहिती हातात घेऊन करायला हवी.

काक्रापारची माहिती मिळते तेव्हा तिच्यातून खूप काही शिकता येतं. ११ मार्च २०१६ ला, फुकुशिमाला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी, पहिल्या भट्टीत जड पाण्याची गळती झाली आणि भट्टी आपोआप बंद पडली. तपासात गळक्या नळीच्या बाहेरच्या अंगावर गंजाचे डाग दिसले. त्या बाजूला फक्त कार्बन डायऑक्साइड वायू खेळवतात, तिथे असा गंज अपेक्षितच नव्हता. भट्टी पुन्हा सुरू व्हायला २०१९ उजाडलं. नियामक मंडळाने त्या वेळी निवेदनं काढली, हे बरं झालं.

१९९४ मध्ये तसं घडलं नव्हतं. त्या जूनमध्ये मुसळधार पाऊस झाला आणि केंद्रालगतचा मोतीचेर तलाव तुडुंब भरला. दरवाजे उघडता आले नाहीत. पाणी टर्बाइनच्या इमारतीत शिरलं. सकाळच्या पाळीचे कामगार छातीभर पाण्यातून आत गेल्याचं सांगितलं जातं. भट्टी काही महिन्यांपासून बंद होती, हे नशीब. तिथल्या एका कर्मचाऱ्याने वृत्तपत्राला पत्र लिहून हे बाहेर आणलं. त्याची नोकरी गेली आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती कारवाई कायम ठेवली.

तलावाचं पाणी मात्र हे बाहेर येण्याआधीच उतरलं होतं. आपली घरं बुडतील म्हणून आसपासच्या गावकऱ्यांनी बांध फोडला होता.